गुरुत्वाकर्षण: वाकलेला अवकाश की थरथरणारा तंतू? दोन्ही एकत्र नांदतात का?

धोटा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

परवा रात्री गड्ड्याच्या यात्रेतून घरी चालत येताना लेकीनं एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. होम मैदानाच्या बाहेर गर्दी जरा विरळ झाली तशी म्हणाली, "नान्ना, आइन्स्टाइन म्हणतो गुरुत्वाकर्षण हे बलच नाही. अवकाशकाल वाकलेला असतो आणि वस्तू त्यातून सरळच चाललेल्या असतात. स्ट्रिंग थिअरीवाले म्हणतात, ग्रॅव्हिटॉन नावाचा कण आहे आणि तो म्हणजे एका बंद तंतूचं कंपन. मग खरं कुठलं? एकाच गोष्टीबद्दल दोघं दोन वेगळं सांगतायत, म्हणजे एक तरी चुकला असणार ना?"

(आमच्या घरात तेलुगू, दारात मराठी. म्हणून नान्ना.)

मी १९९४ साली एमएस्सी केलं, फिजिक्समध्येच. पुढे शिकायचं होतं, पण वडील आजारी पडले आणि सोलापूरच्या पूर्व भागातला आमचा मागांचा कारखाना माझ्याकडे आला. त्याचं दुःख नाही, मागावर माझं प्रेम आहे. पण पोरीनं विचारल्यावर तीस वर्षांपूर्वीचं सगळं ढवळून निघालं आणि मला तिला धड उत्तर देता आलं नाही, याची रुखरुख लागली आहे. आमच्या वेळी व्यापक सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा हा वक्रतेचा सिद्धांत, एका पेपरात होती. स्ट्रिंगचं नाव एका सरांनी तासाच्या शेवटी घेतलं होतं, तेवढंच.

तिला मी एवढं सांगितलं. लांबून बघितलीस तर चादर सलग दिसते. तिचा पोत, तिच्या घड्या, तिचा झोळ सगळं सलग. भिंग लावलंस की ताणा आणि बाणा वेगळे दिसतात. सलग चादर खोटी नाही आणि धागेही खोटे नाहीत. आइन्स्टाइन म्हणजे चादर, स्ट्रिंग म्हणजे धागे, असं काहीतरी असेल.

ती गप्प झाली, पण तिचं समाधान झालेलं नाही हे मला दिसलं. माझंही झालं नाही. उपमा गोड आहे, पण बरोबर आहे का? इथे फिजिक्स शिकवणारे आणि संशोधन करणारे लोक आहेत, म्हणून विचारतो:

हे दोन सिद्धांत गुरुत्वाकर्षणाबद्दल एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात, की खरोखर वेगळ्या गोष्टी सांगतात? वेगळ्या असतील तर नेमक्या कुठे?

बार्शी_लाइट | रविवार, रात्री १०.०५

दादा, लई चांगला प्रश्न काढला. माझं शिक्षण कॉमर्सचं, पण असलं वाचायला आवडतं. मला तर पहिलंच कळंना. गुरुत्वाकर्षण बल नसंल तर ग्रॅव्हिटॉन कशाला पाहिजे? कण तर बल पोचवायलाच असतो म्हणत्यात ना?

पंचकट्टा | रविवार, रात्री ११.२०

धोटा, बार्शी_लाइट, दोघांचा प्रश्न एकच आहे आणि मी गेली २२ वर्षं अकरावी-बारावीला शिकवतो आहे, दर वर्षी एक तरी मूल तो विचारतंच. जरा सविस्तर लिहितो.

आधी स्ट्रिंग बाजूला ठेवू. "वक्रता" आणि "कण" हा झगडा स्ट्रिंग यायच्या आधीचा आहे आणि तो बराचसा मिटलेलाही आहे.

प्रकाशाचं उदाहरण घ्या. आकाशवाणीची लहर तुमच्या रेडिओपर्यंत पोचते तेव्हा आपण म्हणतो विद्युतचुंबकीय क्षेत्र हललं. तीच गोष्ट क्वांटमच्या भाषेत सांगायची तर अगणित फोटॉन एका तालात आले. क्षेत्र खोटं ठरत नाही, फोटॉनही खोटा ठरत नाही. कण इतके जास्त आणि इतके एकसुरात असतात की सलग लहर दिसते. गुरुत्वाकर्षणात 'क्षेत्र' म्हणजे अवकाशकालाची भूमितीच. ती किंचित हलली की गुरुत्वीय लहर. त्या लहरीचा लहानात लहान हप्ता म्हणजे ग्रॅव्हिटॉन. तेव्हा ग्रॅव्हिटॉन हा वक्रतेचा प्रतिस्पर्धी नाही, वक्रतेचाच सुटा दाणा आहे.

आता खरी गंमत. समजा तुम्हाला वक्रता माहीतच नाही. तुम्ही सपाट अवकाशात कण घेऊन बसलात आणि गुरुत्वाकर्षण बनवायला निघालात. लांबवर पोचायचं तर कणाला वस्तुमान नको. स्पिन, म्हणजे कणाचं अंगभूत फिरणं, किती? त्याचे ठराविकच आकडे असतात. स्पिन १ घेतलं तर विजेसारखं होतं, सारखे भार एकमेकांना ढकलतात. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना ओढतं, म्हणून स्पिन १ बाद. स्पिन ० घेतलं तर ओढ येते, पण प्रकाश वाकत नाही. आणि प्रकाश वाकतो हे १९१९च्या ग्रहणात एडिंग्टन यांच्या मोहिमेनं प्रिन्सिपे आणि सोब्राल इथून मोजलं. उरतं स्पिन २. १९६४च्या सुमाराला वाइनबर्ग यांनी दाखवलं की असा वस्तुमानरहित स्पिन २ कण असेल तर तो सगळ्या पदार्थांशी एकाच जोरानं जोडला गेला पाहिजे, दुसरा मार्गच नाही. सगळ्यांशी सारखा जोर म्हणजे काय? लोखंड आणि कापूस एकाच वेगानं पडणं. म्हणजे आइन्स्टाइन यांचं समतुल्यता तत्त्व! त्यांनी जे तत्त्व म्हणून गृहीत धरलं, ते इथे निष्कर्ष म्हणून बाहेर येतं.

पुढे, हा कण ऊर्जेशी जोडला जातो आणि त्याच्याकडे स्वतःचीही ऊर्जा असते, म्हणून तो स्वतःशीही जोडला जातो. ती बेरीज शेवटपर्यंत नेली की १९१५चं आइन्स्टाइन यांचं समीकरण पूर्ण उभं राहतं. फाइनमन यांनी हा रस्ता धरला होता, डेसर यांनी १९७०मध्ये तो फार सुटसुटीत करून दाखवला.

म्हणून बार्शी_लाइट, "बल नाही, वक्रता आहे" आणि "कण आहे" ही एकाच डोंगरावर चढायच्या दोन वाटांची नावं आहेत.

बार्शी_लाइट | रविवार, रात्री ११.४१

सर, आता कुठं जरा उजेड पडला. पण मग भानगड कुठं हाय? आइन्स्टाइन आणि क्वांटम जुळत नाय असं सगळीकडं म्हणत्यात.

पंचकट्टा | सोमवार, सकाळी ६.३०

भानगड अगदी लहान अंतरावर आहे. ग्रॅव्हिटॉन एकमेकांवर आदळतात त्याचं गणित करायला गेलं की अनंत उत्तरं येतात. विजेच्या सिद्धांतातही येतात, पण तिथे मोजके आकडे प्रयोगातून घेतले की सगळं आवरतं. इथे प्रत्येक पायरीला नवा आकडा मागावा लागतो. टी हूफ्ट आणि व्हेल्टमन यांनी १९७४मध्ये पदार्थ धरून पहिल्याच पायरीला हे दाखवलं. पदार्थ नसलेलं निव्वळ गुरुत्वाकर्षण त्या पायरीला वाचलं, पण १९८६मध्ये गोरोफ आणि साग्नोटी यांनी दुसऱ्या पायरीला तेही अडकतं हे दाखवलं.

लांबच्या अंतरांवर मात्र भांडण नाही. तिथे क्वांटम दुरुस्त्या काढता येतात, फक्त त्या इतक्या बारीक असतात की मोजता येत नाहीत. तेव्हा "आइन्स्टाइन आणि क्वांटम जुळत नाहीत" हे वाक्य अर्धवट आहे. जुळतात, पण एका अंतराच्या खाली कागद फाटतो. ते अंतर म्हणजे प्लांक लांबी, सुमारे १.६ गुणिले १०चा उणे ३५वा घात मीटर.

स्ट्रिंगवर लिहिण्याइतका माझा अधिकार नाही. विजापूर_रोड इथे असतो, तो बंगळूरला त्याच विषयात पीएचडी करतोय. त्यानं लिहावं.

नवी_पेठ | सोमवार, दुपारी १.१५

चर्चा छान चालली आहे, तरी एक आक्षेप आत्ताच नोंदवतो.

व्यापक सापेक्षतेच्या मागे शंभर वर्षांची मोजमापं आहेत. बुधाच्या कक्षेचा शतकाला ४३ विकला इतका सरकाव. १४ सप्टेंबर २०१५ला लायगोनं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेनं, पकडलेली लहर. २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा गुरुत्वीय लहर आणि गॅमा किरण तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर १.७ सेकंदांच्या फरकानं पोचले. आपल्या मोबाइलमधला नकाशासुद्धा चालतो तो उपग्रहांची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात हे आधीच धरलेलं असतं म्हणून.

स्ट्रिंग थिअरीच्या मागे असं एकही मोजमाप नाही. मग "दोन्ही सुसंगत आहेत का" या प्रश्नाला अर्थ काय? न तपासलेली गोष्ट तपासलेल्या गोष्टीशी जुळते, असं म्हटल्यानं ती खरी होत नाही. पोरांना हे दोन्ही एकाच तागडीत घालून शिकवू नये, एवढं मला मनापासून वाटतं.

धोटा | सोमवार, दुपारी २.५०

नवी_पेठ, तुमचं म्हणणं पटतं आणि लेकीलाही हेच आधी सांगेन. पण मला सुसंगतीचा प्रश्नही महत्त्वाचा वाटतो. नवा सिद्धांत जुन्या मोजमापांशी जुळला नाही तर तो तिथेच संपला. जुळला तर निदान दारात उभा राहायला पात्र झाला. तो दारात तरी उभा आहे का, हेच मला समजून घ्यायचं आहे.

विजापूर_रोड | सोमवार, रात्री १०.३०

सरांनी बोलावलं म्हणून आलो. सर, अकरावीत तुमच्याच वर्गात होतो, त्यामुळे चुकलो तर इथेच कान धरा.

धोटाकाका, तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: हो, दारात उभा आहे. आणि नुसता जुळवून घेतलेला नाही. आइन्स्टाइन यांचं समीकरण स्ट्रिंग थिअरीत हातानं घालावं लागत नाही, ते आतून येतं. दोनदा येतं, दोन वेगळ्या वाटांनी. मी हा विषय निवडला तो या दुसऱ्या वाटेमुळे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहीन.

पहिली वाट सरांच्या लिखाणाला जोडूनच आहे. १९६८मध्ये व्हेनेझियानो यांनी एक सूत्र मांडलं ते अणुकेंद्रातल्या तीव्र बलासाठी. पुढे नाम्बू, नील्सन आणि सस्किंड यांच्या लक्षात आलं की हे सूत्र कंप पावणाऱ्या तंतूचं आहे. पण बंद तंतूच्या कंपनांत एक वस्तुमानरहित स्पिन २ कण निघायचा आणि केंद्रकात तर असा कण कुठेच नव्हता. त्याला घालवायचे खूप प्रयत्न झाले, तो जाईना. दरम्यान तीव्र बलाचा वेगळा आणि बरोबर सिद्धांत सापडला, स्ट्रिंग मागे पडली. १९७४मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जपानात योनेया यांनी म्हटलं, की हा नको असलेला कणच ग्रॅव्हिटॉन आहे. सरांनी वर सांगितलंच की स्पिन २ कण एकदा आला की त्याच्या मागोमाग आइन्स्टाइन येणारच.

दुसरी वाट. तंतू अवकाशकालातून सरकतो तेव्हा मागे एक पट्टा आखत जातो, जसा बिंदू रेघ आखतो. आता तो अवकाशकाल सपाट न धरता कसाही वाकलेला धरा. तंतूचं क्वांटम गणित बिनचूक राहायचं असेल तर त्या पट्ट्यावरचं मोजमाप लहान-मोठं केल्यानं उत्तर बदलता कामा नये. ही अट फक्त तंतूच्या पट्ट्यावरची आहे. आजूबाजूच्या अवकाशाबद्दल तिच्यात चकार शब्द नाही. तरीही ती अट पाळायला गेलं की उलटून अवकाशावरच बंधन येतं: तू कसाही वाकू शकत नाहीस. आणि कसं वाकायचं याचं जे समीकरण मिळतं ते म्हणजे आइन्स्टाइन यांचं रिकाम्या जागेचं समीकरण. १९८५मध्ये कॅलन, फ्रीडन, मार्टिनेक आणि पेरी यांनी ते तपशिलात मांडलं. हे गणित मी पहिल्यांदा हातानं पूर्ण केलं त्या रात्री झोपलो नाही.

काका, आता तुमच्या चादरीबद्दल. मला ती आवडली, पण ती एका ठिकाणी दिशाभूल करते. तुमच्या उपमेत धागे हेच चादर बनवतात, चादर वेगळी नसते. स्ट्रिंगच्या नेहमीच्या गणितात तंतू आधीच असलेल्या अवकाशात हलतात. तंतूंचं विणकाम म्हणजे अवकाश, असं ते गणित म्हणत नाही. ते इतकंच म्हणतं की अवकाश थोडा जास्त वाकवणं आणि त्यात अगणित ग्रॅव्हिटॉन-तंतू एका सुरात भरणं, या दोन गोष्टींत फरक करता येत नाही. म्हणून उपमा पूर्ण टाकू नका, पण 'धागे म्हणजे अवकाशाचे ताणे-बाणे' असं तिला सांगू नका.

धोटा | सोमवार, रात्री ११.१५

बाळा, दोनदा वाचलं, उद्या तिसऱ्यांदा वाचीन. ती पट्ट्यावरची अट मला माझ्या भाषेत सांगून बघतो, चुकलं तर सांग.

जेकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी कुठली घालायची ते गिऱ्हाईक ठरवतं, असं बाहेरच्याला वाटतं. पण प्रत्येक नक्षी विणता येत नाही. एकाच ठिकाणी धागे फार लांब मोकळे राहिले की कापड ढिलं पडतं, एकीकडे जास्त बांधले की दुसरीकडे आखडतं. नक्षीबद्दल मागाचं काहीच मत नसतं. त्याला फक्त ताण सारखा पाहिजे असतो, आणि तेवढ्या एका अटीपायी निम्म्या नक्ष्या आपोआप बाद होतात. तंतूची अट तशी आहे का? तिला अवकाशाशी देणंघेणं नाही, पण तिच्यामुळे अवकाशाच्या बहुतेक 'नक्ष्या' बाद होतात आणि आइन्स्टाइन यांना चालणाऱ्याच उरतात?

विजापूर_रोड | सोमवार, रात्री ११.३२

काका, हे चादरीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. परवानगी दिलीत तर आमच्या गटात हेच सांगीन.

तापीकाठ | मंगळवार, सकाळी ११.००

मी सोलापूरची सून, माहेर शिरपूर. त्यामुळे अभय अष्टेकर यांचं नाव या धाग्यात अजून आलं नाही हे मला राहवेना. १९४९ साली आमच्या शिरपुरात जन्मलेला माणूस, आणि १९८६मध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांचं समीकरण नव्या चलांमध्ये मांडलं, ज्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली.

माझा मुद्दा माहेरच्या अभिमानाचा नाही, सुसंगतीचाच आहे. व्यापक सापेक्षतेचा गाभा काय? अवकाशकाल हे नाटकाचं नेपथ्य नसून तेच एक पात्र आहे. आधी मांडलेला रंगमंच नाही. विजापूर_रोड स्वतःच म्हणतात की तंतू आधीच असलेल्या अवकाशात हलतात. मग समीकरण मिळालं तरी गाभा सुटला, असं नाही का? अष्टेकरांची वाट उलटी आहे: रंगमंच गृहीत धरायचाच नाही, भूमितीच क्वांटम करायची. त्यात क्षेत्रफळसुद्धा सुट्या हप्त्यांत येतं. धोटाकाकांची ताण्या-बाण्याची चादर खरं तर तिकडे जास्त शोभेल.

विजापूर_रोड | मंगळवार, रात्री ९.५०

ताई, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. गणित सुरू करायला आम्ही एक अवकाश धरतो. मग तंतू त्यात भर घालून तो बदलतात, पण सुरुवातीची मांडणी रंगमंच धरूनच होते, हे मान्य.

दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, १९९७मध्ये माल्दासेना यांनी जे मांडलं त्यात आतला अवकाश धरावा लागत नाही, फक्त कडा धरावी लागते. कडेवर गुरुत्वाकर्षण नसलेला साधा क्वांटम सिद्धांत असतो आणि आतलं सगळं गुरुत्वाकर्षण, कृष्णविवरांसकट, त्याच्यातून वाचता येतं. आतला रंगमंच तिथे खरोखर पात्र होतो. दोन, लूपची अडचण याच्या नेमकी उलट आहे. तिथे रंगमंच नाही, पण त्या सुट्या हप्त्यांतून आपला सलग, आइन्स्टाइन यांचं समीकरण पाळणारा अवकाश परत मिळवणं हे तिथलं अवघड काम आहे. आमच्याकडे समीकरण सहज येतं, स्वातंत्र्य कष्टानं. तिकडे स्वातंत्र्य आधीपासून, समीकरण कष्टानं.

पंचकट्टा | बुधवार, दुपारी ४.१०

आज तास संपल्यावर चार मुलं थांबली होती, त्यांच्याबरोबर फळ्यावर एक हिशोब केला. नवी_पेठ यांच्या आक्षेपाशी त्याचा थेट संबंध आहे.

स्ट्रिंग थिअरी आइन्स्टाइन यांचं समीकरण देते, पण जसंच्या तसं नाही. त्याच्या पुढे बारीक दुरुस्त्यांची शेपटी असते. दुरुस्ती किती मोठी, हे साधारण एका गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं: तंतूची लांबी भागिले तिथल्या वक्रतेची त्रिज्या.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर वक्रतेची त्रिज्या किती? पृथ्वीच्या त्रिज्येच्या घनाला तिच्या गुरुत्वीय लांबीनं (वस्तुमान लांबीच्या मापात सांगितलं तर येणारा आकडा), म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटरनं, भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं सुमारे २४ कोटी किलोमीटर. मुलं थक्क झाली. म्हणजे आपण ज्या अवकाशात उभे आहोत त्याचा बाक सूर्याच्या अंतरापेक्षाही मोठ्या वर्तुळाचा आहे, आणि तेवढ्या बाकावर दगड खाली पडतो.

आता तंतूची लांबी १०चा उणे ३४वा घात मीटर धरू. गुणोत्तराचा वर्ग येतो सुमारे १०चा उणे ९१वा घात. दशांश चिन्हानंतर ९० शून्यं, मग पहिला आकडा. एवढा फरक मोजणारं उपकरण कल्पनेतही येत नाही. म्हणून नवी_पेठ, शंभर वर्षांच्या सगळ्या मोजमापांशी स्ट्रिंग जुळते ती याच कारणानं. आणि तुमचा आक्षेप टिकतो तोही याच कारणानं.

नवी_पेठ | बुधवार, सायंकाळी ६.२०

सर, हा हिशोब मी जपून ठेवतो. कुणी इतक्या सरळपणे दोन्ही बाजू दाखवलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

पण मग फक्त दुरुस्त्यांचीच शेपटी आहे का? ग्रॅव्हिटॉनबरोबर स्ट्रिंगमध्ये आणखी काही कणही येतात असं वाचलं होतं. ते कुठे गेले?

विजापूर_रोड | बुधवार, रात्री ११.०५

नेमकं इथेच दुखतं. जुळणारी बाजू आतापर्यंत सांगितली, आता न जुळणारी.

बंद तंतूचं जे कंपन ग्रॅव्हिटॉन देतं त्याच पातळीवर आणखी दोन भावंडं येतात. त्यातलं एक म्हणजे डायलॅटॉन, स्पिन ०चा कण. तो वस्तुमानरहित राहिला तर गुरुत्वाकर्षण आइन्स्टाइन यांचं राहत नाही. लोखंड आणि कापूस किंचित वेगळे पडायला लागतील. आणि तसं होत नाही हे फार बारकाईनं तपासलेलं आहे. मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहानं टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे तुकडे कक्षेत ताडून पाहिले. २०२२च्या अंतिम निकालात सुमारे १०चा उणे १५वा घात इतक्या अचूकतेपर्यंत फरक दिसला नाही. म्हणजे डायलॅटॉनला कुठून तरी वस्तुमान मिळालं पाहिजे, आणि ते कसं हे प्रत्येक मांडणीत वेगळं दाखवावं लागतं.

दुसरं, मिती. सुपरस्ट्रिंगला एकूण १० मिती लागतात, आपल्याला ४ दिसतात. उरलेल्या ६ कुठेतरी गुंडाळलेल्या असणार. त्या गुंडाळीचा आकार-प्रकार बदलू शकतो, आणि प्रत्येक मोकळ्या बदलाबरोबर डायलॅटॉनसारखाच आणखी एक कण येतो. सगळ्यांना बांधून ठेवावं लागतं. गुंडाळी फार मोठी असती तर लहान अंतरावर न्यूटन यांचा व्यस्त वर्गाचा नियम मोडला असता. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं पिळाच्या तराजूवर तो सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत तपासला आहे, म्हणजे केसाच्या जाडीच्याही खाली. मोडला नाही.

तिसरं सगळ्यात मोठं. १९९८मध्ये अतिदूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. आइन्स्टाइन यांच्या समीकरणात हे एका धन स्थिरांकानं, ज्याला विश्वस्थिरांक म्हणतात, सहज बसतं. स्ट्रिंगमध्ये ऋण स्थिरांकाची विश्वं चांगली हाताळता येतात, माल्दासेना यांचं उदाहरण तसलंच आहे. धन स्थिरांक मात्र कष्टानं येतो. २००३मध्ये चौघांनी एक रचना दिली, त्यात मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचे संदीप त्रिवेदी आहेत. ती रचना टिकते का यावर वीस वर्षं वाद चालू आहे. २०१८मध्ये वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर अंदाज मांडला की स्ट्रिंगमध्ये असं स्थिर विश्व मुळातच शक्य नाही. तो अंदाज खरा निघाला आणि आपल्या विश्वातला स्थिरांक खरोखर स्थिर निघाला, तर सुसंगतीचा प्रश्न स्ट्रिंगच्या विरोधात सुटेल.

म्हणून लेकीला असं सांगा काका: रिकाम्या जागेचं आइन्स्टाइन यांचं समीकरण स्ट्रिंगमधून येतं, यात वाद नाही. आपण राहतो तेच विश्व, चार मितींचं, फुगत चाललेलं, एकही जास्तीची ओढ नसलेलं, तिच्यातून येतं का, हे अजून कुणी पूर्ण दाखवलेलं नाही.

तापीकाठ | गुरुवार, सकाळी १०.१५

विजापूर_रोड, इतक्या प्रामाणिकपणे लिहिलंत याबद्दल मनापासून धन्यवाद. कृष्णविवरांबद्दल दोन ओळी लिहाल का? तिथे तर दोन्ही सिद्धांतांची खरी गाठ पडते.

विजापूर_रोड | गुरुवार, रात्री १०.४०

ताई, थोडक्यात. हॉकिंग आणि बेकेन्स्टाइन यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून कळलं की कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या (जिथून आत गेलेला प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश असते, क्षेत्रफळ प्लांक लांबीच्या वर्गात मोजलं तर. हे आइन्स्टाइन यांच्या वक्रतेत क्वांटमचा थोडा हिस्सा मिसळून आलं. पण एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या रचनांची मोजदाद, आणि कसल्या रचना ते आइन्स्टाइन सांगू शकत नाहीत. १९९६मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवरासाठी स्ट्रिंगमधल्या रचना मोजल्या आणि तोच एक चतुर्थांश आला. पुढे अशोक सेन यांनी क्षेत्रफळाच्या नियमाला लागणाऱ्या बारीक दुरुस्त्याही काढल्या आणि त्याही मोजदादीशी जुळल्या. ही कृष्णविवरं अतिशय सममित, कागदावरची आहेत. आकाशातल्या साध्या कृष्णविवरासाठी इतकी नेमकी मोजदाद झालेली नाही. आणि त्याच्या केंद्रात काय होतं, जिथे आइन्स्टाइन यांचं समीकरण स्वतःच हात टेकतं, तिथे स्ट्रिंगकडेही पक्कं उत्तर नाही.

बार्शी_लाइट | शुक्रवार, सकाळी ८.१०

हिंगोलीला औंढा नागनाथाजवळ लायगो होणार हाय ना? तिथनं यातलं काय दिसंल का?

पंचकट्टा | शुक्रवार, सायंकाळी ५.३०

२०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. त्यातून लहर आकाशात नेमकी कुठून आली ते फार चांगलं कळेल आणि कृष्णविवरं आदळतात तिथे आइन्स्टाइन यांची परीक्षा आणखी कडक होईल. तंतू दिसणार नाहीत. पण एखादा जास्तीचा हलका कण असेल आणि त्यामुळे लहरीचा सूर बदलत असेल, तर त्याचा मागमूस लागू शकतो. आपल्या मुलांना एसटीनं जाऊन बघता येईल अशा ठिकाणी हे होतंय, याचा मला फार आनंद आहे.

धोटा | रविवार, रात्री ८.५५

आठवडाभर हा धागा आम्ही दोघांनी रोज रात्री जेवण झाल्यावर मोठ्यानं वाचला. तिची आईही ऐकत बसायची. जेकॉर्डची उपमा लेकीला पटली. डायलॅटॉनवर ती अडखळली आणि दोन दिवस तिथेच होती.

सरांचा हिशोब तिनं वहीत स्वतः करून बघितला. पृथ्वीसाठी २४ कोटी किलोमीटरच आले. मग तिनं तोच सूर्याच्या पृष्ठभागासाठी केला. तिला वाटलं होतं सूर्य इतका जड, तिथे बाक जास्त असणार, म्हणजे त्रिज्या लहान येणार. आली सुमारे ४८ कोटी किलोमीटर, पृथ्वीच्या दुप्पट! तीनदा केला, तेच येतं. सर, तिचं कुठे चुकतंय?

पंचकट्टा | रविवार, रात्री ९.३०

तिचं कुठेच चुकत नाहीये. या हिशोबात घनफळानं भागलेलं वस्तुमान येतं, म्हणजे सरासरी घनता. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाच पट, सूर्याची जेमतेम १.४ पट. म्हणून पृष्ठभागावरची ही वक्रता सूर्यापेक्षा आपल्या पायाखाली जास्त आहे. प्रकाश सूर्याजवळ जास्त वाकतो तो सूर्य मोठा आहे आणि प्रकाशाला त्याच्याजवळून लांबचा पल्ला काटावा लागतो म्हणून. हे तिचं तिनं शोधलं याचं मला विशेष कौतुक वाटतं. तिला आता न्यूट्रॉन ताऱ्यासाठी करायला सांगा. वस्तुमान सूर्याच्या १.४ पट, त्रिज्या १२ किलोमीटर.

धोटा | रविवार, रात्री १०.१०

२९ किलोमीटर आले. आणि तिनं लगेच तंतूच्या लांबीशी गुणोत्तर काढून वर्ग केला: १०चा उणे ७७वा घात. आता ती विचारतेय, वर्ग १च्या जवळ यायचा तर घनता किती लागेल. वही घेऊन गच्चीवर गेली आहे.